फक्कीची रेघ

नदीच्या ओल्या वाळूत दोन्ही हातांनी खड्डा करायचा, कोपरापर्यंत हात आत गेले की थांबायचं आणि वाट पाहायची... आधी खड्ड्याच्या कडा काळसर होत, मग तळाशी वाळूचे कण हलू लागत आणि मग कुठूनसं, कुणी पावलं न वाजवता आणून ठेवावं तसं, पाणी गोळा होई. पहिलं पाणी गढूळ. ते करवंटीनं उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. त्यानंतर जे येई ते इतकं निवळ, इतकं गार, की ओंजळीत घेतल्यावर दातांना आधी कळे आणि जिभेला मागून. याला आम्ही झरा म्हणत असू. शेजारून भीमा वाहत असायची, पण तिच्या पाण्याला हात न लावता गावातल्या बाया वाळूत झरे खोदून घागरी भरत. उघड्यावरचं पाणी कुठून कुठून येतं, त्याचा भरवसा काय, असं माझ्या मैत्रिणीची, शेवंताची आई म्हणायची. भरवसा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथं, वाळूत, आणि नसण्याच्याच अर्थानं ऐकला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तळेगाव ढमढेऱ्याहून नदीच्या अंगाला उतरत गेलं की अशी बरीच गावं लागतात, त्यांतलं एक म्हणा. नदी हीच हद्द. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पहाटे वारा दक्षिणेचा असला की दौंडकडे जाणाऱ्या गाडीची शिटी पाण्यावरून ओली होऊन आल्यासारखी ऐकू यायची. पलीकडे जायला होडी नव्हती, गुळाची जुनी काहील होती. गुऱ्हाळातून बाद झालेली ती भलीमोठी लोखंडी कढई पाण्यावर गरगरत जाई, आत माणसं उकिडवी बसत, कधी एखादी शेळीही. उन्हात तापलेल्या त्या काहिलीला जळक्या गुळाचा वास यायचा आणि मला कायम वाटे, आपण उलटलो तर पाणी गोड लागेल. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूत टरबुजांचे वेल पसरत. संध्याकाळी वाळू निवू लागली की तिच्यातून एक मंद, भाजक्या मडक्यासारखा वास वर येई. समुद्रकाठची माणसं समुद्राविषयी जे सांगतात ना, की तो कानात राहतो, तसा तो वास माझ्या नाकात राहिला आहे.

आम्ही त्या गावचे नव्हतो. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याचा एक फाटा त्या बाजूनं काढायचा होता म्हणून आमची बदली तिथं झाली. आई, मी आणि धाकटा भाऊ. गावाच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या भाड्यानं घेतलेल्या. गाव बाबांना ‘ओव्हरशेर’ म्हणे, समोर आदरानं आणि पाठीमागं जरा आवाज खाली घेऊन. बाबांची तिपाईवरची दुर्बीण, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच फळी, खुंट्या, सुतळीचे गुंडे... हे सगळं सायकलवर बांधून ते निघाले की शेताशेतांतून माणसं उभी राहून पाहत. दुर्बिणीतून साहेब नेमकं काय बघतो, हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे ज्याला त्याला वाटे, आपलंच शेत बघतोय.

शेवंता माझ्याच वयाची, आठ-नऊ वर्षांची. तिचं घर पूर्वी मेंढरं राखणारं, आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, शेती धरलेली. चार मेंढ्या तरीही दारात असतच, आणि घोंगडीचा, लेंड्यांचा, ताकाचा मिळून एक उबदार वास त्या घराला होता. शेवंताच्या कडेवर कायम तिचा तान्हा भाऊ सोपान. आम्ही कुठंही गेलो तरी तो बरोबर. लगोरी खेळतानाही ती त्याला खाली ठेवत नसे. आप्पा फार बोलत नसत. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं रान होतं आणि त्या रानात त्यांनी स्वतः खणलेली विहीर. त्या विहिरीच्या काठावर बसून त्यांनी मला एकदा हुरडा दिला होता, आधी हातावर फुंकर मारून, कुसळं उडवून. ती फुंकर अजून आठवते.

आणि आठवते ती फक्कीची रेघ.

बाबांनी कालव्याची आखणी चालवली होती. खुंट्या ठोकून झाल्या की चुन्याची पांढरी फक्की जमिनीवर ओळीनं टाकत जात. शाळा सुटल्यावर शेवंता आणि मी त्या रेघेवर चढलो. चढलो म्हणजे काय, जमिनीवरच्या रेघेवर कुणी चढतं का? पण आम्ही चढलो होतो खरं. दोन्ही हात पसरून, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत, डोंबारणीसारख्या. तिचा एकच हात पसरलेला. दुसऱ्या हातात सोपान. रेघ सरळ निघाली होती, ढेकळांतून, बांधावरून, आणि मग एकदम सावलीत शिरली. ती अण्णांची आमराई होती. अण्णा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागाईतदार. त्यांच्या आमराईत आम्हां मुलांना एरवी मज्जाव. पण रेघ आत गेली होती, म्हणून आम्हीही गेलो. पानांच्या काळोखात ती पांढरी रेघ दुधाच्या धारेसारखी दिसत होती. एका झाडाला मध्ये घेऊन ती पलीकडे निघाली आणि आम्ही झाडाला मिठी मारून, रेघ न सोडता, पलीकडे उतरलो. शेवंता हसली तेव्हा तिच्या कडेवरचा सोपानही कारण नसताना हसला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रेघ बदलली. आमराईतली पुसली गेली. नवी रेघ आमराईच्या कडेनं वळून आप्पांच्या रानातून गेली. विहिरीवरून. त्या संध्याकाळी जेवताना बाबा आईला सांगत होते, आमराईखाली पाषाण लागला, तिथून खोदाई परवडणारी नव्हती. आईनं काही विचारलेलं नव्हतं. न विचारता ते का सांगत आहेत, असं त्या वयात मला वाटलं नसणार, आज वाटतं.

गाव बोलायचं थांबलं. भांडण कुणी केलं नाही, दारावर कुणी आलं नाही. झऱ्यापाशी आई गेली की बायांचं बोलणं बंद होई आणि घागरी भरण्याचाच तेवढा आवाज राही. आईला जागा देत, करवंटीही देत, पण तोंडाकडे पाहत नसत. शाळेत शेवंता दुसऱ्या रांगेत बसू लागली. एकदा मी तिला नदीवर गाठलं, खोदलेल्या झऱ्यातलं पाणी ओंजळीत धरून तिच्यापुढे केलं, तर ती दोन पावलं मागे सरली.

“आप्पा म्हनलाय, ओव्हरशेरच्या हातचं पानी बी प्यायाचं न्हाई,” ती म्हणाली. मग जरा थांबून, जणू हे आप्पांचं नसून तिचं स्वतःचं, “रेघ आमराईत व्हती. मी चालले व्हते.”

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या घरात शिवणयंत्र आलं. पायानं चालवायचं, काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं. कुठून आलं ते बाबांनी सांगितलं असेल तर आईला. आम्हां मुलांना नाही. मी आनंदानं त्याच्या चाकाला हात लावला, तर आईनं माझा हात धरून बाजूला केला. रागानं नव्हे, चुलीजवळ गेलेल्या मुलाचा करावा तसा. यंत्रावर तिनं जुनं लुगडं टाकलं आणि त्यावर कपड्यांच्या घड्या रचल्या. घरात यंत्र असताना आई माझे झगे हातानं शिवत राहिली, कंदिलाच्या उजेडात, बारीक, सारखे टाके घालत. बदली झाली तेव्हा ते यंत्र ट्रकमध्ये चढलं, पुढच्या प्रत्येक गावात उतरलं, आणि कुठंही त्याच्यावर एक शिवण बसली नाही. आई गेल्यावर बाबांनी ते देऊन टाकलं. कुणाला, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय ही अशी हळूहळू लागत गेली होती.

तीसेक वर्षं गेली. मी पुण्यात स्थिरावले, मुलं मोठी झाली, बाबा माझ्याकडे राहायला आले. नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शिक्रापूर भागात कारखाने वाढल्याचं, जमिनींना सोन्याचा भाव आल्याचं कानावर येत होतं, आणि का कोण जाणे, एका सकाळी चहा पिताना मी म्हणाले, एकदा नदीवर जाऊन येईन म्हणते. बाबांनी पेपर खाली केला. “तिथं काय ठेवलंय आता?” असं म्हणून पुन्हा वर घेतला. त्यानंतर बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

शिक्रापूरला एसटीतून उतरले तेव्हा रस्ता ओळखू येईना. ट्रकांची रांग, खोल्या भाड्यानं देण्याच्या पाट्या, कारखान्यांच्या बसची वाट पाहणारी परप्रांतीय पोरं आणि त्यांची हिंदी. तिथून जीपनं तळेगाव, तळेगावाहून दुसरी जीप. फाट्यावर उतरले तर टपरीवरची माणसं बोलता बोलता गप्प झाली. ती शांतता मला पटकन ओळखू आली... गावात एवढी एकच गोष्ट बदलली नव्हती. कुणाकडं जायचंय, असं एकानं विचारलं. कुणाकडे नाही, म्हटल्यावर दुसऱ्यानं विचारलं, प्लॉट बघायला आलाय का. नाही म्हटलं तर तिसरा नुसताच हसला.

नदीवर गेले. वाळू नव्हती. नव्हतीच म्हणजे काय ते सांगायला शब्द नाही. जिथं टरबुजांचे वेल असत तिथं खोल डोह, त्यांच्यावर जलपर्णीची हिरवी गोधडी, आणि मध्ये इंजिनं लावलेल्या बोटी तळातली उरलीसुरली वाळू ओढत होत्या. पुण्याकडून आलेल्या पाण्याला वास होता. मी पर्समधून कॅमेरा काढला. तोच मागून मोटारसायकल येऊन थांबली. तिशी ओलांडलेला, जाड मिशीचा माणूस. फोटो काढायचे नाहीत, म्हणाला. तुम्ही पेपरवाल्या की तहसीलच्या, असंही विचारलं. मी म्हटलं, मी लहानपणी इथं राहत होते. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लहानपण बघायला कुणी एवढ्या लांब येतं, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. कुणाच्या तुम्ही, त्यानं विचारलं. मी बाबांचा हुद्दा सांगितला.

मला वाटलं होतं चेहरा सैल पडेल. तो अधिकच मिटला. “मंग तर घरीच चला,” तो म्हणाला.

मी त्याच्यामागे मोटारसायकलवर बसले खरी, पण पर्स पोटाशी घट्ट धरून. हा कुठं नेतोय, का नेतोय, सोबत कुणाला तरी आणायला हवं होतं... उसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून जाताना मी परतीची वळणं मनाशी धरून ठेवत होते. स्लॅबचं एक घर आलं. दारात जर्सी गाय. ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसली होती. केस पुरते पिकलेले, हात काळे, बोटं वाकलेली. ती बाई माझ्या आईच्या वयाची वाटली. तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, पाहतच राहिली.

“दात तसाच वाकडा राहिला की गं मंदे,” ती म्हणाली.

शेवंता होती. आणि मोटारसायकलवाला सोपान... जो कधी जमिनीवर ठेवलेलाच मी पाहिला नव्हता.

चहा आला. सोपानची बायको आतून पदराआडून पाहत होती. सोपान उभाच होता. तो म्हणाला, ताई, खरं काय ते सांगा, कशापायी आलाय. तुमच्या वडलांनी तवा इथं जमीन धरून ठेवली होती का, तिचं काही आहे का. मी म्हटलं, जमीन नाही, काही नाही, नदी पाहायला आले. बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिलं. नदी पाहायला आले, हे उत्तर मलाच तिथं खोटं वाटू लागलं होतं. ज्या नदीला गावातलं जनावरही तोंड लावत नाही, ती पाहायला माणूस कशाला येईल? कपातली साय बाजूला सारताना मला पहिल्यांदा कळलं, की मी नदी पाहायला आले नव्हतेच.

“चल, कालवा दावते,” शेवंता म्हणाली. मी मागितलं नव्हतं.

आम्ही दोघी बांधावरून निघालो. ती पुढे. चालता चालता, मागे वळून न पाहता, तिनं सगळं सांगितलं. तक्रार केल्यासारखं नव्हे, कुणाच्या तरी शेताची हद्द दाखवावी तसं. विहीर भरावाखाली गेली. आप्पांचं जे रान राहिलं ते कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी खालच्या अंगाला जातं, वर चढत नाही. रानातून कालवा वाहतो आणि रान कोरडं, अशी गत झाली. आप्पा दुसऱ्यांच्या बागाईतात रोजानं जाऊ लागले. ती चौथीतून निघाली. नदीपलीकडे दौंडच्या बाजूला दिली, नवरा ऊसतोडीला जायचा, अपघातात गेला, ती परत आली. सोपाननं वाळूच्या गाड्यांवर राबून घर बांधलं. आप्पा म्हातारपणी रोज संध्याकाळी भरावावर जाऊन बसत आणि वाहत्या पाण्याकडे पाहत. काय बघता, म्हणून विचारलं तर म्हणत, हिर हाय खाली.

कालवा आला. दगडी अस्तर उखडलेलं, पाणी संथ. मी वरच्या दिशेनं पाहिलं. तो लांबून सरळ आला होता, डोळा लावून आखावा तसा सरळ. आणि मग आमच्यापासून थोड्या अंतरावर, वाटेत काही नसताना, वळला होता. एक मोठा वळसा घेऊन तो पुन्हा आपल्या जुन्या रोखाला लागला होता. त्या वळशाच्या पोटात आमराई नव्हती. अण्णांच्या मुलांनी ती तोडली, माती वीटभट्टीला दिली. उरला होता तो मोठा खड्डा. मी काठाशी गेले. आत चार माणसं एकावर एक उभी राहिली असती इतका खोल, आणि काठापासून तळापर्यंत माती. काळी, मग तांबूस, मग पिवळी... मऊ, भुसभुशीत, कापलेल्या खरवसासारखी. पावसानं तिच्यात ओघळ पाडले होते. मी पाषाण शोधत होते. मी फार वेळ शोधत होते. मला तो हवा होता. एखादी कड, एखादा काळा उंचवटा. काठावरून या टोकाला गेले, त्या टोकाला गेले.

“शेवंते,” मी म्हणाले, “ती रेघ... आपण खरंच आत गेलो होतो ना? का मला नुसतंच वाटतं?”

“गेलो व्हतो. झाडाला मिठी मारून पल्याड उतरलो व्हतो. तू आंगठा ठेचून घेतला व्हता, मी त्याच्यावर फक्की दाबली.”

अंगठ्याचं मी विसरले होते. विसरलेलं कुणी परत द्यावं आणि ते घेताना हात भाजावा, तसं झालं. मी म्हटलं, बाबांनी नेमकं काय केलं होतं, तुला काय वाटतं? त्यांच्यावर वरून दडपण असेल, साधे ओव्हरसियर होते ते... माझं बोलणं माझ्याच कानांना घरातल्या त्या जेवतानाच्या बोलण्यासारखं लागलं, न विचारता सांगितलेलं.

शेवंतानं खड्ड्याकडे पाहिलं.

“तुझा बाप चांगला का वाईट, ते मला इचारू नगं, मंदे. तू त्याच्या घरात वाढलीस, मी न्हाई. कालवा हितनं वळला, येवढंच मला ठावं हाय.”

परतताना मी तिला पिशवीतली साडी दिली. कुणी भेटलंच ओळखीचं तर असावी म्हणून घेतलेली, हिरवी, बारीक काठाची. तिनं काठावरून अंगठा फिरवला, छान आहे म्हणाली, घडी होती तशी करून परत माझ्या हातात ठेवली. “राग धरू नगं. ओव्हरशेरच्या घरनं साडी आली म्हंजी लोक म्हनत्याल, कशाची आली,” ती म्हणाली. मी आग्रह केला नाही. घरात आलेल्या एखाद्या वस्तूचं ओझं किती वर्षं पुरतं, हे मला सांगायला नको होतं.

फाट्यापर्यंत ती सोबत आली. टपरीवरच्यांनी विचारलंच, कोण पाव्हणी. शेवंता म्हणाली, “हाय वळखीची.” मैत्रीण म्हणाली नाही. ओव्हरशेरची पोरगीही म्हणाली नाही. या दोन्हींच्या मधली जेवढी जागा ती मला देऊ शकत होती, तेवढी तिनं दिली. जीप सुटली तेव्हा ती हात हलवत नव्हती; डोळ्यांवर आडवा हात धरून, मी खरंच जाते आहे ना हे पाहत असल्यासारखी उभी होती. साडी मांडीवर घेऊन मी पुण्याला आले. वाळूचा तो संध्याकाळचा वास मनाशी आणून पाहिला... आला, पण आता त्याच्याबरोबर त्या खड्ड्यातल्या मातीचाही येतो.

घरी बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दिवे लागायची वेळ. मी चहा करून त्यांच्याजवळ ठेवला आणि शेजारी बसले. नदीला पाणी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. काहील अजून चालते का, कोण कोण भेटलं, आपल्या खोल्या आहेत का... काहीच नाही. खालच्या रस्त्यावरून मुलं क्लासहून परतत होती. बाबा धोतराच्या काठाची चुणी बोटांनी सरळ करत राहिले, ती झाली की दुसरी घेत राहिले. मग रस्त्याकडेच पाहत म्हणाले,

“कुणी काही म्हणालं का?”

मी म्हणाले, “नाही बाबा. कोण काय म्हणणार?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. माझं त्यांना खरं वाटलेलं नाही हे मला कळलं, आणि मला ते कळलंय हे त्यांना. त्यानंतर बाबा आणखी काही वर्षं होते. त्या गावाचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कप उचलला. चहा केव्हाच गार झाला होता. दुसरा करून आणते, मी म्हटलं, पण नको म्हणून मान हलवत त्यांनी तोच, सगळा, पिऊन टाकला.